नमुन्यातला नंबर

ऑफिसात तिला सगळे तळटीप म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तीही ओ द्यायची. कारण एकच, तिला कुठलंही वाक्य आहे तसं सोडवत नसे. कुणी म्हणालं, "लिफ्ट बंद आहे," की ही लगेच, "वर जाणारी. खाली येणारी चालू आहे, पण तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही." कुणी म्हणालं, "उद्या सुट्टी!" की ही, "आपल्याला. सपोर्टवाल्यांना नाही." समोरच्याचं बोलणं संपलं की हिचं सुरू. घरी चहासुद्धा ती नुसता देत नसे. "गरम आहे, आणि कपाचा कान सैल आहे," एवढं सांगून मगच कप हातात.

ही खोड तिच्या पोटापाण्याच्या कामाला मात्र चपखल बसली होती. इंजिनियर मंडळी काहीतरी बनवणार, बनवून हात झटकणार, आणि ते वापरायचं कसं हे दुसऱ्याला कळेल अशा भाषेत हिने लिहायचं. याला म्हणायचं डॉक्युमेंटेशन. बरीच वर्षं ती माणसांसाठी लिहीत आली. माणसं ते वाचत नसत, ही गोष्ट वेगळी. मग एके दिवशी तिच्या मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. मॅडमना प्रत्येक वाक्याच्या शेवटी हवेत टिचकी मारायची सवय.

"आता आपला वाचक बदलला." टिचकी. "आता आपलं लिखाण माणूस वाचणार नाही." टिचकी. "एजंट वाचणार!"

लोकांच्या मोबाइलमध्ये बसून 'मी आपली काय मदत करू' असं गोड आवाजात विचारणारे एआय मदतनीस, ते हे एजंट. तळटीपने घरी जाऊन आईला सांगितलं, तर आईच्या कपाळाला आठी.

"कुठले एजंट? विम्याचे?"

"नाही गं. कॉम्प्युटरमधले."

"घरी येतात का?"

"नाही."

"मग लिही बाई. घरी येत नाहीत ना, मग काही हरकत नाही."

पहिलंच काम आलं ते 'शोधक' नावाच्या साधनाचं. कपडे धुण्याची मशीनं बनवणाऱ्या कंपन्यांसाठी ते होतं. एजंटने गावाचं नाव द्यायचं, मशीन कुठल्या कंपनीचं ते सांगायचं, की शोधक यादीत बघून दुरुस्तीवाल्याचं नाव आणि फोन नंबर हातात ठेवणार. बस. रीड-ओन्ली. म्हणजे यादी बघायची, काय दिसलं ते सांगायचं, हात लावायचा नाही. काही बदलणं नाही, काही पुसणं नाही, कारागिराला निरोप धाडणं नाही.

शोधक बनवला होता ज्या इंजिनियरने, त्याला सगळे जावईबापू म्हणत. त्याचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं, पण ऑफिसात तो सासुरवाडीला आल्यासारखा वावरायचा. उशिरा यायचं, खुर्चीत रेलायचं, आणि चहा कुणीतरी आणून देईल अशा नजरेने दाराकडे बघत बसायचं. त्याचं एकच पालुपद होतं. "ताई, रीड-ओन्ली आहे. कुणाचं काय वाकडं होणार?"

तळटीपने मात्र काम मनावर घेतलं. माणूस कसा, वाचता वाचता अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंटला शेजार नाही. त्याला जे लिहून दिलं तेवढंच त्याचं जग, आणि जिथे लिहायचं राहिलं तिथे तो स्वतःच्या मनाने भर घालणार. म्हणून तिने एकेक गोष्ट खुंटीला टांगल्यासारखी नीट मांडली. काय विचारायचं, कसं विचारायचं, गावाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर काय, एका गावात दोन कारागीर असले तर कुठला आधी. आणि शेवटी नमुना. शोधकाचं उत्तर दिसतं कसं, ते दाखवायला एक खोटं उत्तर.

नमुन्यात दुकानाचं नाव तिने टाकलं 'भरवसा सर्व्हिस'. असं दुकान कुठेच नव्हतं. फोन नंबर टाकला सगळी शून्यं. तर लिखाण तपासणारा जो प्रोग्राम होता, तो लाल अक्षरात कुरकुरला, 'हा नंबर योग्य वाटत नाही.' तिने एक-दोन-तीन-चार टाकलं. परत लाल. दाराशी मॅडम उभ्या. "झालं का?" टिचकी. "क्लायंट थांबलाय." टिचकी. तळटीपच्या बोटांनी मग जो नंबर डोक्याला न विचारता येत होता तो टाकला. घरचा. लाल अक्षरं गेली, हिरवी खूण आली. नंतर बदलू, असं ती मनाशी म्हणाली.

आणखी एक गोष्ट राहिली. यादीत कारागीर सापडलाच नाही तर शोधक काय म्हणतो, हे तिने जावईबापूला विचारलं होतं.

"रिकामं उत्तर देतो."

"मग त्याबद्दल काय लिहू?"

"रिकाम्याबद्दल काय लिहायचं, ताई? रिकामं म्हणजे रिकामं. तुम्ही हवेलासुद्धा तळटीप लावाल!"

सगळे हसले. तीही हसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तळटीप न लावता पुढे गेली.

आता तो घरचा फोन. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधल्या बोळकांडीत एका स्टुलावर तो बसलेला असायचा. जुना, जड, तारेचा. कुणाचा फोन आला हे दाखवायला त्याला काच नव्हती. नुसता वाजायचा. असला फोन आजकाल कुणी ठेवत नाही. तो ठेवला होता एका माणसासाठी, धाकट्या भावासाठी.

भावाला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाजच तसा. तो जिन्यात शिंकला की वरच्या मजल्यावरचे म्हणायचे, "आला वाटतं घरी." वडील गेल्यावर घर तळटीपने ओढलं आणि भोंगा नोकऱ्या धरत नि सोडत राहिला. एका संध्याकाळी तो जेवायला बसला आणि म्हणाला, "सोडली आज. साहेब फार बोलायला लागला होता." आईने नुसतं "असू दे, जेव" म्हटलं. तळटीपला ते वाक्य तसंच सोडवलं नाही.

"ही तिसरी," ती म्हणाली. "आणि तिन्ही वेळा दोष दुसऱ्याचाच."

भोंगा, ज्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा, तो काहीच बोलला नाही. उठला, हात धुतला, तिनेच घेऊन दिलेला मोबाइल ताटाशेजारी ठेवला आणि चपला घातल्या. दारात आईला तेवढं म्हणाला, "फोन करीन." मोबाइलमध्ये साठवलेले सगळे नंबर त्या ताटाशेजारी राहिले. त्याच्या डोक्यात पाठ असलेला नंबर एकच, या स्टुलावरचा.

त्यानंतर फोन आला नाही. पोलीस चौकीवर एका शिपायाने सुस्कारा टाकत सांगितलं, "सज्ञान आहे. पायाने गेलाय, पायाने येईल." आईने स्टुलाशेजारी चटई टाकली आणि आपलं निवडणं-टिपणं तिथे हलवलं. दिवसाला कधी एखादी घंटी. ती झाली की आई एका श्वासात उचलणार आणि एकच म्हणणार, "बोल रे बाळा!" पलीकडे वीजबिलवाला असो नाहीतर मावशी असो, पहिली हाक तीच.

तळटीप रोज दारात पाऊल ठेवते तोच आई मान वर करून बघायची. त्या मानेला काहीतरी द्यावं लागायचं. मग एकदा तिने सांगितलं, "अगं, त्याचा एक मित्र भेटला. बरा आहे म्हणाला. कामात आहे." मित्रबित्र कुणी नव्हता. पण त्या दिवशी आई दोन घास जास्त जेवली. मग तो मित्र अधूनमधून भेटायला लागला.

आणि मग फोन वाजायला लागला.

पहिला आला तेव्हा आईने नेहमीसारखं "बोल रे बाळा!" म्हटलं. पलीकडे एक जाडजूड आवाज गडबडला. "अं... आई, ते... मशीन गळतंय."

दुसरी बाई श्वास न घेता बोलणारी. "भरवसा ना भरवसाच ना बघा हो आमचं मशीन फिरतं पण पिळत नाही म्हणजे पिळतं तसं पण मधेच रुसतं मग मी त्याच्यावर बसते तेव्हा पिळतं पण मी किती वेळ बसू?"

तिसरे एक निवृत्त साहेब. "तक्रार नोंदवून घ्या. आपण कोण बोलताय?"

"मी आई."

"आई म्हणजे? हुद्दा सांगा, हुद्दा."

एक चिमुरडी होती. "काकू, बाबांचा शर्ट अडकलाय आणि बाबा ओरडतायत."

"बाबा आत अडकलेत का गं?"

"नाही, बाबा बाहेर आहेत. पण शर्ट त्यांनी घातलेलाच आहे."

आई हे सगळं संध्याकाळी करून दाखवायची. जाडजूड आवाज काढायला हनुवटी गळ्यात दाबायची, निवृत्त साहेबांसाठी भुवई वर चढवायची. भोंग्याला आवाज कुणाचा आला होता ते तेव्हा कळायचं. तळटीप पोट धरून हसायची. घरात किती तरी महिन्यांनी हसू आलं होतं, म्हणून तिने खोलात जाऊन बघितलं नाही. टेलिफोनवाल्यांचा घोळ असेल, होईल बंद, असं म्हणाली.

बंद कुठला होतोय! घंट्या वाढत गेल्या. आई आंघोळीला गेली की घंटी, डोळे मिटले की घंटी, तोंडात घास असला की घंटी. आणि प्रत्येक घंटीला तोच एक श्वास, तीच धाव. रोज किती वेळा एखाद्याने आशेला लागायचं आणि किती वेळा खाली आपटायचं? "बोल रे बाळा" मधला बाळा पहिल्यांदा गळला. मग "बोल"चं "बोला" झालं. मग आई उचलल्या उचलल्या, समोरचं ऐकायच्याही आधी म्हणायला लागली, "मशीनवाले आम्ही नाही. नंबर चुकलाय. ठेवा." आणि ठेवून द्यायची. नकला बंद झाल्या.

सुट्टीच्या दिवशी तळटीपने स्वतः फोन उचलला.

"हा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"कुणी म्हणजे? असिस्टंटने. हे काय लिहून आलंय, 'भरवसा सर्व्हिस, आपल्या भागातील विश्वासू आणि अनुभवी कारागीर.' लादी भिजली हो ताई, कधी येताय?"

तळटीपची पाचावर धारण बसली. भरवसा सर्व्हिस हे नाव जगात एकाच जागी होतं. आणि 'विश्वासू आणि अनुभवी' हे तिने लिहिलेलंसुद्धा नव्हतं. ते एजंटने पदरचं घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरल्या शिरल्या तिने एजंटला विचारलं, अमक्या गावात मशीन दुरुस्त करणारा कोण. गाव असं निवडलं की जिथे कुणीच नसेल. शोधकाने रिकामं उत्तर दिलं, अगदी सांगितल्याप्रमाणे. एजंट त्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला असेल क्षणभर. रिकाम्याचं करायचं काय, हे त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं. समोर माणूस वाट बघतोय, काहीतरी तर द्यायला हवं. मग त्याने तिच्या लिखाणातला नमुना उचलला आणि गोड आवाजात दिला. नाव, नंबर, सगळं. जिथे जिथे कारागीर नाही, त्या प्रत्येक गावातून आता तिच्या आईला फोन जात होता.

ती जावईबापूकडे धावली. त्याने पडद्याकडे पाहिलं, खांदे उडवले.

"शोधक बरोबर चाललाय. रिकामं सापडलं, रिकामं दिलं. रीड-ओन्ली आहे, ताई. त्याच्याने काही बिघडूच शकत नाही."

"माझं लिखाण बदलायला तर हवं!"

"लिखाण गोठवलंय. क्लायंटची तपासणी संपेपर्यंत अक्षराला हात लावायचा नाही. मॅडमना विचारा."

मॅडम म्हणाल्या, "चूक कुणाची?" टिचकी. "तुमची." टिचकी. "घरचा नंबर टाकला हे मी वर सांगितलं तर आधी तुम्ही जाल." इथे टिचकी मारायची त्या विसरल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तपासणी संपू दे. तोपर्यंत फोन काढून ठेवा ना घरचा. एवढं काय!"

एवढं काय. तळटीप जिना उतरताना तेच पुटपुटत होती. काढून ठेवला, तर भोंगा करील तेव्हा लागणार नाही. लावून ठेवला, तर तो करील तेव्हा एंगेज. आजवर तिने कुणाला काय काय समजावून लिहून दिलं होतं, पण यातून वाट कशी काढायची हे काही तिला कुठल्या वाक्यात बसवता येईना.

घरी आली तर आई चटईवर नव्हती. बोळकांडीत जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला, रिसीव्हर मांडीत. त्यातून टूं टूं टूं चाललेलं.

"आई? काय झालं?"

"मी ठेवला."

"काय ठेवला?"

"फोन आला. मी म्हटलं, मशीनवाले आम्ही नाही, नंबर चुकलाय, ठेवा. आणि ठेवला." आईने रिसीव्हरकडे पाहिलं. "ठेवल्यावर लक्षात आलं. पलीकडून कुणी काहीच बोललं नव्हतं. मशीनचं नाव नाही, हॅलो नाही. मशीनवाले गप्प असतात का गं? ते तर ऐकतच नाहीत दुसऱ्याचं. हा गप्प होता. ऐकत होता."

"अगं, लाईन खराब असेल."

"श्वास ऐकू येत होता."

"आई, कुणीही असेल."

"भोंगा ओरडायचा तेव्हा मी कधी घाबरले नाही," आई म्हणाली. "तो गप्प बसला की घाबरायचे. शेवटी गप्पच बसून गेला ना? आणि मी त्याला म्हटलं, नंबर चुकलाय."

तळटीपने रिसीव्हर आईच्या मांडीतून घेतला आणि जागेवर ठेवला. ठेवताक्षणी वाजला. उचलला, तर एका बाईचं मशीन थरथरत दारापर्यंत चालत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेलिफोनच्या कचेरीत तळटीप काउंटरला चिकटून उभी राहिली. काल संध्याकाळी आमच्याकडे कुठून कुठून फोन आले तेवढं सांगा. काउंटरवरचा माणूस म्हणाला, तुम्ही केलेले सांगता येतात, तुम्हाला आलेले नाही. ती म्हणाली, माझा भाऊ आहे. तो म्हणाला, सगळ्यांचे भाऊच असतात. वाईट हेतूने म्हणाला नव्हता बिचारा, पण तळटीप तिथेच रडली. मागे रांगेत उभा असलेला एकजण "होतंय का, होतंय का" करत होता, तोही गप्प झाला.

तिथून ती सरळ ऑफिसात, सरळ जावईबापूच्या टेबलाशी. तो रेललेला.

"फोन लाव," ती म्हणाली.

"कुणाला?"

"नमुन्यातल्या नंबरला. लाव. तुझं काही बिघडत नाही ना? लाव."

तो हसत हसत नंबर फिरवायला लागला. एंगेज. परत लावला. एंगेज. "बिझी माणसं दिसतात भरवसावाले," म्हणाला आणि आणखी एकदा लावला. एंगेज. हसू थोडं कमी झालं. तो लावत राहिला, कारण एव्हाना आजूबाजूचे बघायला लागले होते. शेवटी घंटी गेली आणि उचलला गेला. स्पीकर चालू होता. आईचा आवाज, पळून दमलेला.

"हॅलो? कोण आहे? मशीनचं असेल तर मशीनचं आहे असं सांग बाबा लगेच, मी ठेवते, लाईन मोकळी लागते मला. आणि मशीनचं नसेल तर... नसेल तर ठेवू नकोस. बोलू नकोस वाटलं तर. नुसता थांब."

जावईबापू ताठ बसला. रेललेला माणूस इतक्या लवकर ताठ होतो हे ऑफिसने पहिल्यांदाच पाहिलं.

"हॅलो?" आई म्हणाली. "बाळा?"

"न... नाही, काकू. मशीनचंच आहे," तो कसाबसा म्हणाला. "सॉरी."

"बरं, बरं. ठेव मग. लवकर ठेव."

त्याने ठेवला. बराच वेळ बोटं टेबलावर आपटत राहिला. गोठवलेलं लिखाण उघडायला एकच मार्ग होता, इंजिनियरने लेखी कबूल करायचं की साधनातच दोष आहे आणि दुरुस्ती आजच्या आज हवी. त्याने कळफलक ओढला. 'काही सापडलं नाही तर शोधक ते स्पष्ट सांगत नाही. हा माझा दोष आहे.' शेवटचं वाक्य त्याने एकदा खोडलं, परत लिहिलं. मॅडम आल्या, वाचलं, दोघांकडे पाहिलं, टिचकीसाठी हात उचलला आणि मग त्याच हाताने मंजुरीचं बटण दाबलं.

"लिहा आता, ताई," जावईबापू म्हणाला. "हवेलासुद्धा तळटीप लावा."

तिने आधी नमुन्यातला घरचा नंबर पुसला. तिथे लिहिलं, 'इथे कारागिराचा नंबर येईल'. तपासणारा प्रोग्राम लाल झाला. जावईबापूने त्या प्रोग्रामचं तोंड बंद केलं. मग तिने खाली लिहायला घेतलं. वाक्यं सरळ आली.

'हे साधन फक्त यादी वाचतं. यादीत जे नाही ते याला माहीत नाही. उत्तर रिकामं आलं तर कारागीर सापडला नाही असंच सांग. नमुना हा नमुना आहे, तो कुणालाही देऊ नकोस. समोरचा वाट बघतोय म्हणून काहीतरी द्यायचं, असं करू नकोस. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.'

एजंटांना असं लिहिलं की काम भागतं. त्यांच्याकडे नवीन प्रत दुसऱ्या दिवशीपर्यंत पोचणार होती.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. नंबर मीच टाकला होता, चूक माझीच, आता बंद होतील फोन. आईने रागवायला हवं होतं. तिने एवढंच विचारलं.

"पण तो खोटं का बोलायचा, तुझा एजंट?"

"खोटं नाही गं बोलत. त्याला मिळत नाही काही. आणि रिकाम्या हाताने समोरच्याला परत पाठवणं जमत नाही त्याला. मग जवळ जे आहे तेच गोड करून देतो."

आई चटईवरचा एक दोरा ओढत होती.

"म्हणजे तुझ्यासारखंच," ती म्हणाली.

"माझ्यासारखं काय?"

"तो मित्र. भेटतो तुला अधूनमधून. बरा आहे, कामात आहे, म्हणतो." आईने वर पाहिलं नाही. "इतका भेटतो, पण कधी नाव विचारलं नाहीस त्याचं? तू? कपाचा कान सैल आहे हे सांगितल्याशिवाय चहा न देणारी?"

 ती आईशेजारी जमिनीवर बसली. आई एवढंच म्हणाली, "जेवायचे मी त्या दिवशी. तू रचलेलं वाया जायला नको म्हणून."

दुसऱ्या दिवशी घंट्या विरळ झाल्या. मग एखाददुसरी. मग बंद. घर इतकं गप्प झालं की नळ टपकतो हे नव्याने कळलं. लाईन आता मोकळी होती. स्वच्छ, मोकळी, कुणीही कधीही फोन करावा. कुणी करत नव्हतं. आधी फोन वाजायचा आणि तो नसायचा. आता तो नसायचाच, आणि फोनही वाजायचा नाही. आई स्टुलाशेजारून उठायची बंद झाली. तळटीप ऑफिसातून यायची तेव्हा आईची मान वर व्हायची, आणि तळटीप म्हणायची, "काही नाही, आई." आई मान खाली घालायची. दोन घास कमी जेवायची. तळटीपला वाटायचं, आपण एजंटला शिकवलं ते आपल्याला झेपणार नाही. एकदोनदा मित्र तिच्या अगदी ओठांवर आला. तिने त्याला परत पाठवला.

अशाच एका संध्याकाळी दोघी भाजी निवडत बसलेल्या असताना फोन वाजला.

दोघींचे हात थबकले. आईने पदराला हात पुसले, शांतपणे, आणि रिसीव्हर उचलला. तोंड उघडलं. काय म्हणावं हे तिला क्षणभर सुचेना. 'बोला' म्हणावं की 'नंबर चुकलाय'? ती काहीच म्हणाली नाही.

पलीकडूनही काही नाही.

तळटीप अर्धवट उठली. आईने हाताने तिला खाली बसवलं. रिसीव्हर कानाला घट्ट दाबला, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. भाजीतली एक अळी ताटाच्या कडेपर्यंत आली, परत वळली.

"आम्ही इथे काही दुरुस्त करत नाही," आई शेवटी म्हणाली. आवाज अगदी साधा, दुपारी शेजारणीशी बोलावं तसा. "पण मी घरीच आहे. ताईपण घरीच आहे. लाईन आता मोकळी असते. बोल रे बाळा. नाहीतर नको बोलूस."

पलीकडे कुणी बोललं नाही. बराच वेळ गेला. मग तळटीपला बसल्या जागी ऐकू आलं, टूं टूं टूं.

आईने रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. मग सावकाश खाली ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. पूर्वी लेक दारात पाऊल ठेवायची तेव्हा जशी बघायची, अगदी तशी. काहीतरी दे म्हणणारी नजर.

"तोच होता ना गं?"

तळटीपच्या जिभेवर हो होतं. फार सोपं होतं ते. एवढंसं हो, आणि आई आज जेवली असती.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही."

आईने मान हलवली. भाजीचं ताट पुढे ओढलं, ती अळी उचलून कडेला ठेवली, आणि परत निवडायला लागली.

"नाही माहीत तर नाही माहीत," ती म्हणाली. "पण या वेळी मी आधी ठेवला नाही."